उंचावरचे स्कीइंग : गुलमर्गला जाण्यापूर्वी

चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे. विमानांच्या वेळा जुळल्यास येथून निघालेला प्रवासी दिल्ली, श्रीनगरमार्गे त्याच दिवशी सुमारे २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्गला पोहोचू शकतो. काश्मीरमधील या हिवाळी क्रीडाकेंद्राचे सारे वैभव त्याच्या उंचीत आहे, आणि बहुतेक अडचणींचे मूळही तेथेच.

लाभ : दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे उंचावरचे हिम कोरडे, भुसभुशीत राहते आणि उशिरा वितळते. गुलमर्गचा गोंडोला दोन टप्प्यांत कोंगदूरीमार्गे अफरवाट पर्वतावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. नवशिक्यांसाठी पायथ्याशी सौम्य उतार आहेत. शिवाय प्रशिक्षक व भाड्याचे साहित्य तेथेच मिळते आणि परदेशवारीचा खर्च वाचतो.

तोटे : गोंडोलाच्या शेवटच्या स्थानकावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश ही विरळ हवेच्या त्रासाची लक्षणे अडीच हजार मीटरच्या पुढे सुदृढ माणसालाही जाणवू शकतात. वरचे बरेच उतार मोकळ्या डोंगरावर असल्याने तेथे हिमस्खलनाचा धोका असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवाटवर दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात मृत्युमुखी पडले, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रशियन स्कीपटूचा बळी गेला.

हिमाचाही भरवसा उरलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणे बराच काळ कोरडी होती. अपुऱ्या हिमामुळे २०२५ च्या 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धांचा तेथील टप्पा फेब्रुवारीतून मार्चवर गेला. हिम कमी पडले की प्रथम खालचे उतार उघडे पडतात. वर हिम असले तरी ते उतार नवशिक्याच्या आवाक्यातले नसतात. म्हणजे तुटवड्याची झळ आधी त्यालाच बसते.

काय करावे : पहिला दिवस विश्रांतीसाठी ठेवावा आणि भरपूर पाणी प्यावे. हृदयाचा वा श्वसनाचा विकार असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्रास वाढल्यास औषधाच्या भरवशावर वर न थांबता खाली उतरावे. हिमस्खलनाचा इशारा असताना आखलेला उतार सोडू नये. विमा घेताना त्यात स्कीइंगचा स्पष्ट समावेश आहे का, ते तपासावे. प्रथमच जाणाऱ्याने आरक्षणापूर्वी खालच्या उतारांवरील हिमाची चौकशी करावी. वरच्या शिखरावरील हिमाची छायाचित्रे त्याच्या उपयोगाची नाहीत.