काचपात्रातील प्रवाळ

अंगठीतले पोवळे आपणां सर्वांच्या ओळखीचे आहे. परंतु प्रवाळ म्हणजे केवळ खडा नव्हे, तो घडविणारा एक प्राणी आहे. त्याला समुद्रापासून दूर जगविण्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे पाणी वरचेवर मागवावे लागे. तेव्हा तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतीत राहून त्यात हवा मिसळण्याची युक्ती त्यांनी योजली. हे कंटाळवाणे काम घरच्या मोलकरणीकडे असे. या शोधाचे श्रेय वाटताना तिचे हात विसरता कामा नयेत. १८४७ मध्ये बाईंनी पाण्यात समुद्रशैवाल सोडले. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, प्राण्याने तो घ्यावा, असा मेळ जमला. प्रवाळ जगले, इतकेच नव्हे तर वाढले.

उष्ण समुद्रातील प्रवाळांत हाच मेळ निसर्गाने शरीरातच बसविला आहे. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते व अन्न पुरविते. म्हणून त्यांना प्रखर प्रकाश लागतो. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी जीवजंतूंनी भरलेले समुद्रातील खडक आणि हवेचे बारीक बुडबुडे एवढ्यावर असे प्रवाळ जगविल्याची पद्धत प्रसिद्ध केली.

मात्र छंदालाही मर्यादा हवी. आपल्या देशात २००१ पासून कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. ते तेथेच पाहावेत. जगविण्याची विद्या ओरबाडण्याचा परवाना होऊ नये.