समाजमाध्यमांवरील खाते : घरचे, दुकानाचे की मंडळाचे?

बँकेत खाते उघडण्यास गेले, की खिडकीपलीकडचा कर्मचारी प्रथम विचारतो, ‘बचत की चालू?’ त्याचे उत्तर दिल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. समाजमाध्यमांवर हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मोबाइल क्रमांक द्यावा, पासवर्ड ठरवावा, की दोन मिनिटांत खाते तयार होते आणि ते बहुधा वैयक्तिक प्रकारचे असते. पुढे त्याच खात्यावर मुलीच्या वाढदिवसाची छायाचित्रे येतात, दिवाळीच्या फराळाची मागणी नोंदवली जाते आणि गणेशोत्सवाच्या बैठकीची सूचनाही तेथेच लागते. चूक ध्यानात येते ती उशिरा. म्हणून खात्यांचे प्रकार आधीच समजून घेणे हिताचे आहे.

निवड करताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आपला मजकूर नेमका कोणी पाहावा? त्यातून व्यवसाय करावयाचा आहे काय? आणि आपण त्या कामातून बाजूला झालो, तरी ते खाते चालू राहिले पाहिजे काय?

वैयक्तिक खाते

नातलग, मित्र आणि जुने सहाध्यायी यांच्यापुरताच संपर्क हवा असेल, तर वैयक्तिक खाते पुरेसे आहे. त्याचा मोठा लाभ म्हणजे दार लावून घेण्याची सोय. इन्स्टाग्रामवर असे खाते खासगी करता येते. मग आपल्या संमतीशिवाय कोणालाही छायाचित्रे दिसत नाहीत. एक्सवरही (जुलै २०२३ पर्यंतचे ट्विटर) आपला मजकूर केवळ अनुयायांपुरता राखता येतो. फेसबुकवर प्रत्येक नोंद कोणाला दिसावी, हे ठरवता येते.

मात्र या खात्यास मर्यादाही आहेत. फेसबुकवर वैयक्तिक खात्यात ५,००० पेक्षा अधिक मित्र जोडता येत नाहीत. शिवाय ते खाते खऱ्या व्यक्तीचे असावे, असा नियम आहे. दुकानाच्या नावाने ‘व्यक्ती’ म्हणून उघडलेले खाते बंद होऊ शकते आणि त्यासोबत अनेक वर्षांचे ग्राहकही तुटतात.

व्यवसायासाठी खाते

घरगुती मसाले, शिवणकाम, शिकवणी किंवा दागिने यांची जाहिरात करावयाची असल्यास व्यावसायिक प्रकार निवडावा. फेसबुकवर त्यासाठी ‘पेज’ची सोय २००७ पासून आहे. इन्स्टाग्रामने व्यवसायासाठी स्वतंत्र प्रकार २०१६ मध्ये, तर कलावंत, लेखक, पाककृती दाखविणारे आदींसाठी ‘क्रिएटर’ हा प्रकार २०१९ मध्ये आणला. हे दोन्ही प्रकार विनामूल्य आहेत. किती जणांनी मजकूर पाहिला, ते कोणत्या शहरातील व वयोगटातील आहेत, ही माहिती त्यांत मिळते. जाहिरातही देता येते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, इन्स्टाग्रामवरील व्यावसायिक खाते खासगी ठेवता येत नाही. ज्या गृहिणीने कौटुंबिक छायाचित्रांचे जुने खातेच दुकानासाठी बदलून घेतले, तिच्या घरातील मुलांची छायाचित्रेही त्या क्षणी सर्वांसाठी खुली होऊ शकतात. अशा वेळी जुने खाते बदलण्याऐवजी नवे उघडणे अधिक सुरक्षित. दुसरी, दुकानाच्या खात्यातून चित्रफितींना लोकप्रिय चित्रपटगीते जोडण्यावर निर्बंध असतात, कारण गीतांच्या व्यापारी वापराचे हक्क वेगळे असतात. नृत्य किंवा गायन हाच ज्यांचा विषय आहे, त्यांना क्रिएटर हा प्रकार अधिक सोयीचा ठरतो.

व्हॉट्सअ‍ॅपचे दोन चेहरे

आपल्याकडील लहान व्यापाराचा मोठा भाग व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो. त्यांच्यासाठी २०१८ मध्ये ‘व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस’ हे स्वतंत्र अ‍ॅप आले. त्यात वस्तूंची यादी किमतीसह मांडता येते, दुकानाची वेळ व पत्ता देता येतो, दुकान बंद असताना आपोआप उत्तर पाठविता येते आणि ग्राहकांना ‘नवी मागणी’, ‘पैसे बाकी’ अशी लेबले लावता येतात. एक क्रमांक एका वेळी या दोहोंपैकी एकाच अ‍ॅपवर चालतो. त्यामुळे घरचा क्रमांक व्यवसायाला देण्यापेक्षा वेगळे सिमकार्ड घ्यावे. रात्री अकरा वाजता मसाल्याचा भाव विचारणारा संदेश मग निदान घरच्या क्रमांकावर तरी येणार नाही.

अनेकांना एकाच वेळी माहिती द्यावयाची असल्यास गट आणि चॅनल यांतील भेद जाणून घ्यावा. गटात सदस्यांना एकमेकांचे मोबाइल क्रमांक दिसतात. भारतात सप्टेंबर २०२३ पासून उपलब्ध असलेल्या चॅनलमध्ये अनुयायांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. मात्र तेथे संवाद एकतर्फी असतो. सोसायटीच्या रहिवाशांसाठी गट योग्य, तर अनोळखी ग्राहक किंवा श्रोत्यांसाठी चॅनल बरे.

मंडळ, शाळा आणि संस्था

सर्वाधिक हानी होते ती येथे. एखाद्या गणेशोत्सव मंडळाचे खाते एका उत्साही कार्यकर्त्याने आपल्या मोबाइलवरून उघडलेले असते. पुढे तो नोकरीनिमित्त परगावी जातो, क्रमांक बदलतो, क्वचित समितीशी त्याचे बिनसते. आणि दहा वर्षांची छायाचित्रे, देखाव्यांच्या चित्रफिती व हजारो अनुयायी एका दिवसात मंडळाच्या हातून निसटतात. खाते कोणाचे, याचा निकाल अशा वेळी ठरावाच्या वहीवरून लागत नाही; ज्याच्या हाती पासवर्ड, त्याचे खाते, असाच व्यवहार होतो.

यावर उपाय खात्याच्या प्रकारातच आहे. फेसबुक पेजला स्वतंत्र पासवर्ड नसतो. ते चालकांच्या वैयक्तिक खात्यांतून चालविले जाते. म्हणून किमान दोन पदाधिकाऱ्यांना पूर्ण अधिकार द्यावेत. यूट्यूबवर ‘ब्रँड खाते’ घेतल्यास एकमेकांना पासवर्ड न सांगता अनेकांना व्यवस्थापन करता येते. लिंक्डइनवरही संस्थेचे पान व्यक्तीच्या खात्याहून वेगळे असते. जेथे एकच पासवर्ड आहे, तेथे तो संस्थेच्या ईमेल व क्रमांकाशी जोडावा आणि समिती बदलताच बदलावा. कार्यभार सोपविताना दप्तर, शिक्के आणि पासबुकाबरोबर खात्यांची यादीही सोपविली जावी.

नोकरदारांनाही हा भेद उपयोगी आहे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवण्याची सूचना दिली. खासगी क्षेत्रातही हीच शिस्त पाळणे शहाणपणाचे.

मुलांची खाती

प्रमुख माध्यमांवर खात्यासाठी किमान वय १३ वर्षे आहे. मुलांनी वय वाढवून खाते उघडल्यास त्यांच्या संरक्षणासाठी केलेल्या सोयी लागू होत नाहीत. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ पासून किशोरवयीनांसाठी आणलेली खाती मुळातच खासगी असतात. खरे वय नोंदविणे हेच येथे पहिले कुलूप.

अखेरीस एक सावधगिरी. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले, सर्वसामान्यांसाठीचे गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, तर टिकटॉकवर भारतात जून २०२० मध्ये बंदी आली. ज्यांचे सर्व ग्राहक तेथेच होते, त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली. खाते कोणत्याही प्रकारचे असो, जागा परक्याचीच असते. म्हणून ग्राहकांचे क्रमांक त्यांच्या संमतीने स्वतंत्र वहीत नोंदवावेत आणि महत्त्वाची छायाचित्रे स्वतःजवळ जपावीत. आज सवड काढून आपली जुनी खाती एकदा उघडून पाहावीत आणि प्रत्येकाविषयी विचारावे : हे घरचे, दुकानाचे की मंडळाचे?