लिंगमळ्याचा सिंकोना, घरचे वावडिंग

महाबळेश्वरला गेलेला माणूस लिंगमळ्याचा धबधबा पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. याच परिसरात १८६०च्या दशकात सरकारने सिंकोनाची बाग लावली होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

सिंकोना हे दक्षिण अमेरिकेतले झाड. त्याच्या सालीने हिवताप उतरतो, हे युरोपात सतराव्या शतकातच कळले होते. पण एक साल कडक, दुसरी निकस, मात्रा ठरेना. १८२०मध्ये पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हांतू यांनी सालीतून क्विनीन वेगळे काढले आणि औषध तोलून देता येऊ लागले. हिवतापाचा परजीवी डॉ. लाव्हरान यांना दिसला, तो त्यानंतर साठ वर्षांनी, १८८०मध्ये!

सिंकोना निलगिरीत रुजला, दार्जिलिंगच्या डोंगरातही रुजला. त्याला वर्षभर थोडाथोडा ओलावा लागतो. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि मग जमीन वाळत जाते. लिंगमळ्याची बाग टिकली नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी तोंड वाकडे करून गिळलेले ‘कोयनेल’ बाहेरूनच आले.

झाड परके होते, असे म्हणून हा विषय सोडता येईल. पण सह्याद्रीत आपोआप वाढणाऱ्या वावडिंगाचे काय? चरकसंहितेने जंतांवरच्या औषधांत त्याला पहिला मान दिला. सातारा-सांगलीकडच्या घरांत बाळाला वावडिंगाचे पाणी पाजण्याची रीत जुनी आहे. त्याच्या फळातल्या एम्बेलिन या द्रव्यावर प्रयोगशाळांत काम झाले आहे; पण क्विनीनसारखे तोलूनमापून देण्याचे औषध त्यातून अजून झालेले नाही. २०१५पासून जंतनाशक दिन पाळला जातो, त्यात मुलांना मिळते ती अल्बेंडाझोलची गोळी.

त्याच २०१५ साली चीनच्या तू यूयू यांना नोबेल मिळाले. हिवतापावरच्या वनस्पतीचा उल्लेख त्यांनी जुन्या ग्रंथात वाचला. पण तेवढ्यावर न थांबता अर्क काढला, तपासला, आधी स्वतः घेऊन पाहिला. ग्रंथातला उल्लेख ही त्यांच्या कामाची सुरुवात होती.

आपल्याकडे वावडिंग बहुतेक रानातूनच ओरबाडले जाते. खरा वेल विरळ होतो आहे आणि बाजारात त्याच्या नावावर दुसरीच फळे खपतात. सिंकोना आपल्या मातीने नाकारला. वावडिंग तर मातीने आपणहून दिले आहे. ते नीट तपासून होण्याआधीच संपले, तर दोष पावसाला देता येणार नाही.