पकडशक्ती, स्नायूंचा थकवा आणि व्यायाम (वृद्ध स्त्रियांतील)

मूठ आवळून जास्तीत जास्त जेवढा जोर लावता येतो, ती पकडशक्ती. जोर बोटांचा वाटला तरी तो मुख्यतः कोपर ते मनगट या भागातील स्नायूंचा असतो. तो डायनॅमोमीटरने मोजतात. व्यक्तीला खुर्चीत बसवून, दंड अंगालगत आणि कोपर काटकोनात ठेवून दांडा आवळायला सांगतात. प्रत्येक हाताने तीनदा आवळून झाल्यावर सर्वांत मोठा आकडा धरतात. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांनुसार स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी पकड क्षीण समजली जाते. भारतासह १७ देशांत झालेल्या आणि २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्युअर’ अभ्यासात कमी पकड आणि अधिक मृत्युदर यांचा स्पष्ट संबंध आढळला. म्हणूनच रक्तदाबाइतक्याच सहजपणे पकडही तपासली जायला हवी.

वाढत्या वयात स्नायूंतील जलद तंतू बारीक होतात आणि त्यांना चालवणाऱ्या चेतापेशी घटतात. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्याचाही यात वाटा असतो.

थकव्याचे गणित मात्र अनपेक्षित आहे. आपल्या कमाल जोराच्या ठरावीक टक्के जोर स्थिर धरून ठेवायचा असेल, तर वृद्ध स्नायू तरुण स्नायूंपेक्षा सहसा उशिरा थकतात. जलद, पुनःपुन्हा करायच्या हालचालींत ते लवकर थकतात. शिवाय घरकाम टक्के पाहत नाही. ओली चादर पिळायला ८ किलो जोर लागत असेल, तर ३२ किलो पकड असलेलीची पाव ताकद खर्ची पडते आणि १६ किलोवालीची निम्मी. ‘हात भरून येतात’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते; तिला वयावर ढकलून सोडून देणे अन्यायाचे आहे.

चालण्याने दम आणि पाय सुधारतात, पकड फारशी वाढत नाही. ज्या स्नायूला भार मिळतो, तोच बळावतो. बॉस्टनमधील एका वृद्धाश्रमात सरासरी ८७ वर्षे वयाच्या १०० जणांवर झालेल्या प्रयोगात (१९९४) १० आठवड्यांच्या भारव्यायामाने पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली. सहभागींत स्त्रियाच अधिक होत्या. हातांनाही असाच चढता भार लागतो: वजन धरून उचलणे, रबरी पट्टा ओढणे, चेंडू दाबणे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असल्यास जाड मुठीचे साधन घ्यावे. जोर लावताना श्वास रोखू नये, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो.