उन्हाचं घड्याळ

मंडळी, आता वेळ म्हटली की खिशातला मोबाईल. पण ऊन आणि सावली यांनी अख्ख्या गावाला वेळ सांगणारी एक भव्य कलाकृती आपल्या जळगावच्या जवळजवळ सरळ उत्तरेला उभी आहे. उज्जैनच्या जंतरमंतरातलं सम्राट यंत्र! अठराव्या शतकात सवाई जयसिंगांनी बांधलेल्या या वेधशाळेचा १९२३ साली माधवराव शिंद्यांनी जीर्णोद्धार केला. मधली तिरकी भिंत पृथ्वीच्या आसाला समांतर, तिची सावली दोन्ही बाजूंच्या वक्र कट्ट्यांवर सरकते. कोणीही यावं, बघावं. किल्ली नको, सेल नको.

मात्र ते उज्जैनची वेळ सांगतं, आपल्या मनगटावरची नव्हे. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती आणि मुंबईकरांनी पुढे कित्येक वर्षं ती सोडली नाही. हट्टीपणा म्हणा हवं तर, पण मला तो आवडतो. आपल्या डोक्यावरचा सूर्य दुसऱ्याच्या हिशेबाने का चालवायचा? जळगावात सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून २८ मिनिटांनी, धुळ्यात आणखी तीन मिनिटांनी. आमच्या शाळेत रुळाच्या तुकड्यावर टोल पडायचे ते अर्थातच प्रमाणवेळेचे. मुलांना शून्य सावली दाखवायची फार इच्छा होती, पण आपल्याकडे ती येते २५ मेच्या सुमारास, तेव्हा सुट्टी. आणि पुन्हा जुलैत, तेव्हा ढग!

खरं तर हा विषय आपल्या घरचाच. ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांनी त्यात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय लिहिला. शंकू आहे, घटिकापात्र आहे, आणि सगळ्यांत श्रेष्ठ म्हणून बुद्धीचं यंत्र. लीलावतीच्या लग्नात घटिकापात्रात मोती अडकल्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. ती फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरात येते, म्हणजे चारशे वर्षांनंतर. गोष्ट गोड, पण इतिहास म्हणून मी ती मुलांना कधी सांगितली नाही.

पक्का पुरावा चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. तिथल्या १२०७ च्या शिलालेखानुसार भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला. त्याचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे. राजाच्या दानापेक्षा मला तोच मोठा वाटतो, कारण त्यात बाजारातली माणसं येतात. गावातल्या घाण्यांनी मठाला पळीपळीने तेल द्यायचं, असं त्यात ठरलेलं आहे. ते तेल रात्री अभ्यासाच्या दिव्यात जात असणार, निदान मी तरी तसंच धरून चालले आहे.

पाटणादेवीला गेलात तर दर्शन झाल्यावर लगेच गाडीत बसू नका. दुपारी साडेबाराच्या सुमारास काठी रोवून सावली मोजा, आणि सर्वांत आखूड कधी झाली ते मला कळवा.