कळंबोलीची दाटी : भूखंड, चटईक्षेत्र आणि सभागृह

एखाद्या शहरात एकरी किती माणसांनी राहावे, हा प्रश्न युरोप-अमेरिकेत बहुधा निवडून आलेल्या नगरमंडळांसमोर आला. फ्रँकफर्टने 1891 मध्ये शहराचे विभाग पाडून प्रत्येकाला इमारतींची वेगळी मर्यादा घातली, तर न्यूयॉर्कने 1916 मध्ये वापर आणि उंची या दोन्हींचे विभाग ठरवून दिले. नवी मुंबईतील कळंबोलीत मात्र हा क्रम उलटा झाला : वसाहत आधी उभी राहिली, तिची दाटी ठरून गेली आणि त्यावर बोलू शकेल असे सभागृह कितीतरी वर्षांनी आले.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चा; त्यातील कलम 113 नुसार शासनाला नव्या शहरासाठी स्वतंत्र विकास प्राधिकरण नेमता येते. मार्च 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडको या राज्य शासनाच्या शहर व औद्योगिक विकास महामंडळाकडे 1971 मध्ये हे अधिकार आले, आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील सुमारे 344 चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी जमिनीची मालक, आराखडा करणारी, परवानगी देणारी आणि घरे बांधून विकणारी संस्था एकच झाली. आराखड्याने शहराचे ‘नोड’, म्हणजे आपापल्या सोयींनी बऱ्याच अंशी स्वयंपूर्ण असे भाग पाडले. त्यांपैकी महामार्गांच्या सांध्यावरील कळंबोलीकडे मुंबईच्या कर्नाक बंदर परिसरातील लोखंड-पोलादाचा व्यापार, गोदामे आणि ट्रक टर्मिनस आले. तेथील निवासी सेक्टरांना शेजार मिळाला तो अवजड वाहनांचा, आणि ही गोष्ट कोणत्याही विभागवारीच्या रंगीत नकाशावर ठळक दिसत नाही.

दाटी मोजण्याचे येथील माप म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, अर्थात भूखंडाच्या क्षेत्राशी सर्व मजल्यांच्या एकूण बांधीव क्षेत्राचे प्रमाण : निर्देशांक 1 असेल तर 100 चौरस मीटरच्या भूखंडावर सर्व मजले मिळून तितकेच बांधकाम करता येते. सिडकोने अल्प उत्पन्न गटांसाठी उभारलेल्या, ‘केएल’ या अक्षरांनी आणि पुढच्या आकड्याने ओळखल्या जाणाऱ्या घरांच्या रांगा याच मर्यादेच्या काळातल्या. कुटुंब वाढले तसे अंगण आत घेतले गेले, वर खोली चढली. कागदोपत्री ज्याला ‘वाढीव बांधकाम’ म्हणतात, ते रहिवाशांच्या दृष्टीने लेकरांच्या लग्नानंतरची गरज होती.

दुसरी दाटी आली ती शेतकऱ्यांच्या लढ्यातून. जानेवारी 1984 मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली, नव्या शहरासाठी संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी चाललेल्या आंदोलनावर उरण परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आकाराला आली. 1990 च्या शासननिर्णयाने आणि 1994 च्या सुधारणेने, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांना द्यायचे ठरले; त्यातून संपादित जमिनीच्या 3.75 टक्के इतका भाग सार्वजनिक सोयींसाठी वजा होत असल्याने एक हेक्टर जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या हाती साधारण 875 चौरस मीटर येत. मात्र या भूखंडांना निर्देशांक 1.5 दिला गेला, म्हणजे बांधकाम 1,312 चौरस मीटरपर्यंत जाऊ शकले. बांधायला पैसा नसलेल्या मालकाने विकासकाला भूखंड द्यावा आणि सिडकोसह त्रिपक्षीय करार व्हावा, ही वहिवाट सर्वत्र रूढ झाली. कळंबोलीतील रोडपालीच्या बाजूच्या उंच इमारती पाहिल्या की त्यांची उंची नगररचनेच्या तत्त्वापेक्षा नुकसानभरपाईच्या हिशेबाने वाढली, असेच म्हणावे लागते. जुनी गावठाणे आणखी वेगळी राहिली : तेथे घराशेजारी घर वाढत गेले आणि कोणताही निर्देशांक त्यांच्या वाढीला पुरा पडला नाही.

पनवेल महानगरपालिका 1 ऑक्टोबर 2016 रोजी अस्तित्वात आली आणि कळंबोली, खारघर, कामोठे या वसाहती तिच्या हद्दीत गेल्या. मे 2017 च्या निवडणुकीनंतर 78 सदस्यांचे सभागृह भरले. तरी जमीन सिडकोची, घरे भाडेपट्ट्यावरची, अशी स्थिती कायम असल्याने सभागृहात अधिक पेटला तो मालमत्ता कराचा प्रश्न. सिडकोला सेवाशुल्क भरलेल्या काळाचा कर पुन्हा का द्यावा, ही रहिवाशांची तक्रार होती, आणि ती अवाजवी नव्हती. दाटीचा निर्णय तोवर राज्याकडे सरकला होता. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई व काही क्षेत्रे वगळून राज्यासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली. तिने निवासी विभागाची आर-1 आणि आर-2 ही वर्गवारी रस्त्याच्या रुंदीवर बेतली, म्हणजे अरुंद रस्त्यावर मुख्यतः राहती घरे आणि रुंद रस्त्यावर दुकाने, कचेऱ्या यांना अधिक मोकळीक. शिवाय मूळ निर्देशांकावर अधिमूल्य भरून वाढीव चटईक्षेत्र विकत घेण्याची सोय ठेवली. नगरसेवकांची मुदत 2022 मध्ये संपून कारभार प्रशासकाकडे गेला, आणि केएल घरांच्या पुनर्विकासासाठी सोसायट्यांना महापालिकेच्या परवानगीबरोबर सिडकोच्या ना हरकत दाखल्यासाठीही अर्ज करावा लागत राहिला.