हमिंगचा इतिहास : बेंजो, गिटार आणि मराठवाड्याची वीज

विषय वाचून काही जणांनी दारातच विचारलं, की हमिंग घालवणं हे साउंडवाल्याचं काम, ते इतिहासाच्या व्याख्यानात कसं काय? थोडं ऐका, मग ठरवा.

नांदेड-लातूरकडे लग्नाच्या वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत गाणं थांबतं ना, त्या क्षणी कर्ण्यातून एक 'घुंऽऽ' ऐकू येते. वाजवणारे थांबलेत, ती थांबत नाही. तिलाच आपण हमिंग म्हणतो. आपल्याकडे ती पहिल्यांदा पुष्कळांनी ऐकली ती गिटारमधून नव्हे, बेंजोमधून. मी तर म्हणेन, मराठवाड्याची खरी इलेक्ट्रिक गिटार म्हणजे बेंजोच.

हा बेंजो अमेरिकेतला गोल चामड्याचा नव्हे. 1912 साली जपानमध्ये नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणं लावून एक तंतुवाद्य केलं, ताइशोगोतो. ते भारतात आलं आणि बुलबुलतरंग झालं. महाराष्ट्रात त्याच्या तारांखाली पिकअप बसला, ॲम्प्लिफायर जोडला गेला, आणि गल्लोगल्ली बेंजो पार्ट्या उभ्या राहिल्या. 2016 साली रवी जाधव यांनी याच वादकांवर 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट केला. नायक रितेश देशमुख, म्हणजे लातूरचेच.

पिकअप म्हणजे काय? चुंबक, आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. लोखंडी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जॉर्ज बोशाँ आणि रिकनबॅकर यांनी हे गिटारवर यशस्वी केलं. पण हजारो वेढ्यांची कॉइल फक्त तारेचंच ऐकत नाही. शेजारचा ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइटची चोक, भिंतीतली वायर, सगळ्यांचं ऐकते. म्हणजे पिकअप जन्मला तो हमिंग घेऊनच.

त्यावरचा उपाय मात्र गिटारपेक्षा जुना आहे. टेलिफोनच्या तारांतही शेजारच्या तारांचा आवाज शिरायचा. ग्रॅहम बेलने 1881 मध्ये दोन तारा एकमेकींभोवती पिळण्याचं पेटंट घेतलं. दोघींत शिरलेला गोंगाट सारखाच, म्हणून वजाबाकीत तो जातो. हीच वजाबाकी सेथ लव्हर या गिब्सन कंपनीच्या माणसाने गिटारमध्ये आणली. कॉइल दोन. दुसरीची गुंडाळण उलटी आणि तिच्या चुंबकाची बाजूही उलटी. बाहेरून येणाऱ्या विजेला चुंबकाशी देणंघेणं नाही, त्यामुळे तिचा हम एका कॉइलमध्ये सुलटा, दुसरीत उलटा, आणि बेरीज शून्याजवळ. तारेचा आवाज मात्र दोनदा उलटतो, म्हणजे सुलटाच राहतो. 1955 मध्ये अर्ज केला, पेटंट मिळालं 1959 मध्ये. मधल्या काळात पिकअपच्या पोटावर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी असायची. पुढे चिठ्ठीवर नंबर आला, तो चक्क लेस पॉलच्या दुसऱ्याच पेटंटचा! म्हणजे शोधाचा खरा नंबर काही छापला गेला नाही.

आता इतिहासाकडे येतो. हमला सूर असतो. आपली वीज सेकंदाला 50 वेळा दिशा बदलून परत येते, अमेरिकेची 60 वेळा. पेटीवर बघा : 49 म्हणजे खालची पांढरी पाच. आपला हम त्याच्या जरासा वर. अमेरिकेचा हम काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी, कशातच न बसणारा. त्या बाबतीत आपण सुदैवी म्हणायचं.

पण 50 हा आकडा कागदावरचा. 1990 च्या दशकात संध्याकाळी विजेची मागणी वाढली की ग्रिडची फ्रिक्वेन्सी 48 च्या आसपास घसरायची, रात्री मागणी उतरली की वर चढायची. 48 ते 50 हे अंतर सुरात मोजलं तर जवळजवळ पाऊण पडदा. म्हणजे दुपारी लावलेल्या बेंजोच्या खाली संध्याकाळचा हम बेसूर. लोडशेडिंगमध्ये जनरेटर आला की गव्हर्नर जसा सांभाळेल तसा सूर. आणि स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर तर गुणगुण जाऊन करकर यायची, कारण त्याची लाट चौकोनी, तिच्यात 150, 250, 350 असे वरचे विषम सूर भरलेले.

याहून गंमत सीमेवरची. नांदेड, बिदर, निजामाबाद, सगळे एका हैदराबाद संस्थानातले. 1956 मध्ये भाषेनुसार वाटणी झाली आणि विजेच्या जाळ्याचीही नंतर झाली. महाराष्ट्र पश्चिमेकडे, कर्नाटक-आंध्र दक्षिणेकडे. ही दोन जाळी वेगवेगळ्या तालात चालायची. उदगीरचा हम आणि बिदरचा हम, देगलूरचा आणि निजामाबादचा, यांत किंचित फरक. कानाला कळला नसता, पण होता. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची लाइन जोडली गेली आणि देशाचं एकच जाळं झालं. तेव्हापासून दोन्हीकडची 'घुंऽऽ' एकाच लयीत आहे. राज्यं वेगळी राहिली, हम एक झाला!

बरं, गुण काढायचा कसा, हे विचारायला वादक थांबलेले असतात. वाद्य हातात धरून सावकाश गोल फिरा. हम कमी-जास्त झाला तर कॉइल बाहेरचं चुंबकीय क्षेत्र पकडतेय. चोक आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब जा, नाहीतर दोन कॉइलचा पिकअप लावा. तारांना हात लावल्यावर हम कमी झाला तर तुमचं अंग अँटेना झालं होतं. पिकअपच्या खोबणीला तांब्याची पट्टी लावून ती ग्राउंडला जोडा. हात लावल्यावर वाढला तर जॅकमधल्या वायरी उलट्या असतील किंवा ग्राउंड तुटलेला. व्हॉल्यूम शून्य करूनही हम राहिला तर वाद्याला दोष देऊ नका, केबल आणि ॲम्प्लिफायर बघा. दोन ॲम्प्लिफायर दोन टोकांच्या सॉकेटवर असले तर आधी दोन्ही एकाच बोर्डावर आणा.

या शेवटच्या प्रकारात एक शॉर्टकट सगळ्यांना माहीत आहे. थ्री-पिनची मोठी पिन काढायची. हम जातो, अगदी जादूसारखा. पण अर्थिंगही जातं. 3 मे 1972 ला वेल्समधल्या स्वान्सी गावी गिटारवादक लेस्ली हार्वेने गिटार हातात असताना मायक्रोफोनला हात लावला. अर्थिंग धड नव्हतं, तो स्टेजवरच गेला. 1976 मध्ये यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ घरीच, अर्थिंग नसलेल्या गिटारने गेला.

आपल्याकडे धोका उन्हाळ्यात जास्त, आणि लग्नसराई उन्हाळ्यातच. आपली काळी माती ओली असते तोवर वीज नीट पोटात घेते, सुकली की भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईला सोडते. म्हणून जुने वायरमन खड्ड्यात मीठ-कोळसा भरून वर पाणी घालायला सांगतात. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, आठवतंय ना? प्यायलाच पाणी नव्हतं, खड्ड्यात कोण घालणार? मंगल कार्यालयातल्या सॉकेटला तीन भोकं दिसतात, तिसऱ्यामागे वायर आहे की नाही हे टेस्टर सांगत नाही. सिरीज लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावून बघावा लागतो, आणि तोही वायरमनकडूनच. ओठ माइकला लागल्यावर झिणझिण्या आल्या तर गाणं तिथेच थांबवा, मेन स्विच पाडा, मग नवरदेवाकडचे काय म्हणतील ते म्हणू देत.